पहिला चमचा

८ जुलै, नांदेड

सकाळी धम्मप्रियाचा फोन आला. धम्मप्रिया सोनकांबळे, माझी बी.एस्सी.ची विद्यार्थिनी. आता लातूरला स्वतःची प्रयोगशाळा काढून बसली आहे. जनावरांच्या खाद्यात घालायची खनिज मिश्रणं तपासून देते. आधी माझी तब्येत विचारली, मग नांदेडचा पाऊस, मग माझ्या अंगणातला कढीपत्ता. मी म्हटलं, बाई, मुद्द्यावर ये.

मुद्दा असा. मान्यता देणारी संस्था मिश्रणाची एकसारखी बाटली बऱ्याच प्रयोगशाळांना पाठवते आणि कोणाचं उत्तर जुळतं ते बघते. मागच्या खेपेला हिचं कॅल्शियम जास्त आलं. या खेपेलाही चुकलं तर मान्यता मिळणार नाही, आणि मान्यतेशिवाय हिचा अहवाल कोणी दारात उभा करणार नाही. मग शटर ओढायचं आणि हैदराबादच्या औषध कारखान्यात नोकरी धरायची. तीही आईला मागे टाकून, कारण आई लातूर सोडणार नाही म्हणते.

नमुना कसा काढतेस, विचारलं. म्हणाली, "मागच्या खेपेच्या आधीच व्हायब्रेटरी फीडर घेतलाय मॅडम. पन्हळ थरथरते आणि भुकटी आपोआप पुढे सरकते."

आपोआप. इथेच माझं डोकं फिरलं. भुकटी आपोआप सरकायला लागल्यापासूनच उत्तरं चुकायला लागली असणार, हे सांगायला मी लातूरला कशाला जायला हवं? पण ती बोलावते आहे, तर जाणार आहे. निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही विचारलेलं नाही. कॉलेजात माझ्या जागी आलेल्या गृहस्थांनी बॅलन्स-रूममधला, तराजू हलू नयेत म्हणून बांधलेला दगडी ओटा फोडून तिथे पाण्याचा कूलर बसवला, तेव्हाही विचारलं नाही.

फोनवर बोलताना चहा बशीत सांडला. हल्ली कपांचे कान बोट शिरू नये असेच बनवतात.

११ जुलै, लातूर

लोहा, अहमदपूर, चाकूर करत एकदाची पोचले. बस म्हणजे खुळखुळा. लातुरात उतरावं तर रस्ताभर ट्यूशनवाली पोरं, पाठीवर दप्तर आणि हातात वडापाव. सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय. टेस्ट ट्यूब धुवायला लावली तर किती टिकतील, मला शंका आहे.

खाली प्रयोगशाळा, वर घर. हॉलमध्ये बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्या बाजूला धम्मप्रियाच्या पदवीदानाचा फोटो. फोटोत कडेला मीही आहे, कोणावर तरी डोळे वटारत असलेली. तिची आई भामाबाई आयुष्यभर अंगणवाडीत पोरं सांभाळून आता घरी बसल्या आहेत. बसल्या म्हणजे काय, घर चालवतात, मुलीला चालवतात आणि संध्याकाळपर्यंत मलाही चालवायला लागल्या.

ताट वाढण्याआधी सरळ विचारलं त्यांनी. "बाई, तुमी लिंगायत. आमच्या घरचं चालतंय ना? नंतर बोलणं नको."

मी म्हटलं, "तिखट बेतात असेल तर चालतंय. कॉन्व्हेंटात मी नन्सच्या हातचं उकडलेलं खाऊन वाढलेय. त्यानंतर मला कोणत्याही जेवणाची भीती वाटत नाही."

त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, "मंग बसा. हात लई कापायलाय तुमचा. भूक लागली आसंल."

बसचे धक्के, मी म्हटलं. भाकरी मऊ होती. वांग्याचं भरीत दोनदा घेतलं.

१२ जुलै

आज तो फीडर पाहिला. हाताएवढी स्टीलची पन्हळ, मागे नरसाळं, खाली विजेचं चुंबक. बटण दाबलं की पन्हळ इतकी बारीक थरथरते की डोळ्यांना दिसत नाही, फक्त गुंऽऽ असा आवाज येतो. नरसाळ्यातली भुकटी पन्हळीवर उतरते, कण उड्या मारत पुढे सरकतात आणि टोकावरून खाली पडतात. खाली फिरणाऱ्या चकतीवर बाटल्या मांडलेल्या असतात, म्हणजे सगळ्या बाटल्यांत सारखी वाटणी. बरणीत चमचा घातला तर वरचं किंवा खालचं एकच काहीतरी हाती येतं, ते टळावं म्हणून हा खटाटोप. कल्पना वाईट नाही, हे मी फक्त इथे लिहिते आहे.

मी त्याचं नाव थरथऱ्या ठेवलं. धम्मप्रियाला आवडलं नसावं. तिने यंत्रावरची धूळ पुसल्यासारखं केलं, धूळ नव्हती.

एका गोष्टीने मात्र ऊर भरून आला. यंत्र सुरू केल्यावर तिने लगेच बाटल्या लावल्या नाहीत. सुरुवातीला जे पडलं ते एका कागदावर घेतलं, बाजूला टाकलं आणि मगच चकती फिरवली. माझाच नियम. पहिला चमचा आपला नाही. प्रॅक्टिकलला पहिल्या दिवशी मी प्रत्येक तुकडीला हे घोकायला लावत असे, आणि जो विसरेल त्याचा प्रयोग पुन्हा. इतक्या वर्षांनी, यंत्रासमोरही, या मुलीच्या हातून नियम सुटला नाही.

१४ जुलै

रविवार. प्रयोगशाळा बंद. दुपारभर सिस्टर बेनेडिक्टा आठवत राहिल्या.

वडिलांची बदली सारखी व्हायची म्हणून मला सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात ठेवलं होतं. सिस्टर मंगळूरच्या, काळ्यासावळ्या, उंच, आणि रसायनशास्त्राच्या तासाला अंगावर काटा येईल इतक्या शांत. स्पॅच्युला, म्हणजे भुकटी घ्यायचा चपटा चमचा, डाव्या हातात तिरपा धरायचा, त्याच्या दांड्यावर उजव्या हाताच्या तर्जनीने हळूच टकटक करायची. एका टिचकीला मोहरीएवढी भुकटी. तराजूचा काटा खुणेजवळ आला की टिचकी अजून हलकी, मग कण कण मोजून पडल्यासारखा. "बोटाने ऐका मुलींनो," म्हणायच्या. माझ्या बोटाला ते सगळ्यांच्या आधी जमलं. सिस्टरनी मला त्या दिवशी काचकपाटाची किल्ली सांभाळायला दिली. नंतरच्या आयुष्यात मला पदव्या मिळाल्या, गौरवपत्रं मिळाली, पण त्या किल्लीची सर कशालाच नाही.

आणि आता तीच टिचकी मारायला वीज लागते.

१९ जुलै

यंत्र विकणाऱ्या कंपनीचा श्रीशैल नावाचा माणूस बिदरहून आला. धम्मप्रियाने बोलावला. मी म्हटलं होतं की विकणारा माणूस आपल्या मालाला वाईट कसा म्हणेल, पण हल्ली म्हाताऱ्यांचं ऐकतं कोण.

आल्या आल्या त्याने मला नमस्कार केला आणि खुर्ची दिली, म्हणजे मला कोपऱ्यात बसवलं. मग विजेचा दाब तपासला. लातूरची वीज सरळ नाही, खाली-वर होते, तशी पन्हळही कमी-जास्त थरथरते. स्टॅबिलायझर लावा म्हणाला. पावसाळी हवेत भुकटी गोळा होते, खोली कोरडी ठेवा म्हणाला. मी विचारलं, मग यंत्र नक्की करतं काय, हवा आम्ही सांभाळायची, वीज आम्ही सांभाळायची? माझ्या बोटाला यातलं काही लागत नव्हतं.

"बोटाला पगार लागतोय न्हाई का मॅडम," तो म्हणाला. हजरजबाबी आहे, कबूल.

मग एक आगाऊ प्रश्न विचारला त्याने. "यंत्र चालू केल्यावर सगळा माल घेता ना? मधला काई सोडत नाही ना?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात धम्मप्रियाने विचारलं, चहा घेणार का, आणि त्याला वर घेऊन गेली. तिला वाटलं असेल, मी त्याला फाडून खाईन. तसा विचार होताही. स्वतःचं यंत्र धड नाही आणि आमच्या पद्धतीची झडती घेतो.

२४ जुलै

आज मी पैजच लावली. धम्मप्रियाने घरच्या घरी एक मिश्रण बनवलं. जाडसर दाणे एका पदार्थाचे, बारीक पांढरी भुकटी चुन्याच्या दगडाची, म्हणजे कॅल्शियम तिच्यात. किती घातलं ते तिने वजन करून घातलं, म्हणजे खरं उत्तर आधीच माहीत. अर्ध्यातून थरथऱ्याने पाच नमुने काढायचे, अर्ध्यातून मी माझ्या हाताने पाच. मग सगळे तपासायचे.

कित्येक वर्षांनी स्पॅच्युला हातात घेतला. थंड धातूचा तो स्पर्श, काचेच्या खोक्यातला बॅलन्स, श्वास रोखून धरणं. क्षणभर वाटलं की पाठीमागे सिस्टर उभ्या आहेत. पण प्रयोगशाळेचा पंखा कोणीतरी चालू ठेवला होता. भुकटी पॅनच्या कडेला सांडली. दुसऱ्यांदाही सांडली. मी पंखा बंद करा म्हटलं, धम्मप्रिया म्हणाली बंदच आहे, मग बाहेरून वारा येत असणार. ती दरवेळी मऊ ब्रशने पॅन पुसत होती. आमच्या काळी सांडणाऱ्याने स्वतः पुसायचं असे.

संध्याकाळी उत्तरं आली. थरथऱ्याची पाचही उत्तरं एकमेकांना चिकटलेली आणि पाचही जास्त. माझी पाच इकडेतिकडे पसरलेली, पण सरासरी काढली तर जवळजवळ बरोबर. मी टाळी वाजवली. म्हटलं, बघ, यंत्र नेमाने चुकतं, माणूस चुकत चुकत बरोबर येतो.

धम्मप्रिया आकड्यांकडे बघत राहिली. तिला हरणं आवडत नाही, पहिल्यापासून.

२६ जुलै

चाचणीची बाटली कुरियरने आली. सीलबंद, मुठीत मावेल एवढी. दुसरी मिळत नाही. उत्तर पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे.

मी जाहीर केलं की हा नमुना मी हाताने काढणार. धम्मप्रिया "बघू मॅडम" म्हणाली. बघू काय? जेवताना पुन्हा विषय काढला तर भामाबाईंनी माझ्या ताटातली आमटीची वाटी उचलून त्यांच्याकडच्या खोलगट वाटीत ओतली आणि अर्धीच भरून दिली. मी म्हटलं, मला काय लहान पोर समजता? म्हणाल्या, "पोरांलाच देत होते आंगणवाडीत. सांडत न्हाई हिच्यातून."

मी रागाने आमटी न पिता उठले. नंतर भूक लागली.

२८ जुलै

आज रविवार असूनही धम्मप्रियाने मला खाली बोलावलं. प्रयोगशाळेत दोघीच. ती टेबलापलीकडे उभी राहिली, हात मागे बांधून, प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेला उभी राहायची तशी.

"मॅडम, एक परवानगी पाहिजे."

"बाहेर जायची का?" मी म्हटलं.

ती हसली नाही. "पहिला चमचा टाकला नाही तर चालेल का?"

मी काही बोलायच्या आत तिने खिडकी लावून घेतली, आमच्या पैजेतलं उरलेलं मिश्रण नरसाळ्यात ओतलं आणि यंत्र सुरू करून पन्हळीवर आडवा टॉर्च धरला. मी चष्मा काढून जवळ वाकले. जाड दाणे टणाटण उड्या मारत पुढे पळत होते. बारीक भुकटी स्टीलला धरून, रेंगाळत, मागून येत होती. टोकावरून आधी पडले ते जवळजवळ सगळे दाणे. म्हणजे पहिला चमचा फेकला की दाणे फेकले जातात, मागे भुकटी जास्त उरते आणि कॅल्शियम चढतं. इतकं सोपं. थरथऱ्या नेमाने चुकत नव्हता. आम्ही नेमाने फेकत होतो.

तिला कधी कळलं, ते विचारलं. मागच्या खेपेचं उत्तर आलं तेव्हाच संशय आला होता म्हणाली. पैजेनंतर खात्री झाली.

"मग तेव्हाच का नाही सोडलंस?"

"तुम्ही शिकवलेलं आहे."

"मी ढीगभर शिकवलं. त्यातलं निम्मं तू पेपरातसुद्धा लिहिलं नाहीस."

"हे हातात बसलंय मॅडम. तुमच्या माघारी सोडणं मला जमेना."

मला संताप आला. एवढ्याशा गोष्टीसाठी हिने मान्यता पणाला लावली, श्रीशैलसमोर चहाचं निमित्त केलं, मला पंधरा दिवस यंत्राला शिव्या देऊ दिल्या. मी म्हटलं, म्हणजे मला इतक्या लांबून परवानगीपुरतं बोलावलंस?

"परवानगीसाठी," ती म्हणाली. मग टॉर्च बंद केला. "आणि हातासाठी. फोनवर तुमचा कप बशीवर वाजत असतो मॅडम. वर्ष झालं, मी ऐकतेय. हा नमुना तुम्ही हाताने नका काढू. आणि हात एकदा डॉक्टरला दाखवू."

मी उठले, वर आले आणि दार लावून घेतलं. पंखा, वारा, बस, कपाचे कान. या वहीची मागची पानं आत्ता चाळली. अक्षर बघितलं. पुरे आजचं.

३० जुलै

काल दिवसभर खोलीतच होते. भामाबाई दारातून ताट देऊन गेल्या, एक अक्षर न बोलता. त्यांना हे जमतं हे माहीत नव्हतं.

आडवं पडल्या पडल्या मी स्वतःचीच तोंडी परीक्षा घेतली. पहिला चमचा का टाकायचा? नियम घोकायला लावताना मी मुलांना काय कारण सांगत असे? आठवून आठवून बघितलं. काहीच सांगत नसे. सिस्टरनी सांगितलं म्हणून मी करत असे, मी सांगितलं म्हणून मुलं करत.

मग सिस्टर का करत होत्या, ते आठवलं. कॉन्व्हेंटाच्या त्या प्रयोगशाळेत आख्ख्या वर्गाला स्पॅच्युला एकच होता. या बरणीतून त्या बरणीत, या मुलीच्या हातातून त्या मुलीच्या हातात. धुवायला एकच बादली, पुसायला सिस्टरच्या जुन्या उशीचा अभ्रा फाडून केलेले तुकडे. म्हणून पहिला चमचा टाकायचा. त्यात आधीच्या मुलीची भुकटी असायची. बास. एवढंच होतं ते. नांदेडच्या कॉलेजात प्रत्येक टेबलावर वेगळा स्पॅच्युला होता आणि तरी मी सबंध नोकरीभर मुलांकडून चांगली भुकटी फेकून घेतली. सिस्टरना कळलं असतं तर त्यांनी मला काचकपाटाच्या पुढ्यात उभं केलं असतं.

आपण किती गरीब होतो, आणि ती गरिबी किती सुंदर दिसायची लांबून. त्या अभ्र्यावर निळ्या दोऱ्याची फुलं होती, तीही आठवली.

आज सकाळी खाली गेले. धम्मप्रियाला म्हटलं, "टाकू नकोस."

तिने मान हलवली. चकतीवर बाटल्या लावल्या, सील फोडलं, नमुना नरसाळ्यात ओतला आणि एकदा माझ्याकडे बघून आधी चकती आणि मग पन्हळ सुरू केली. मी स्टुलावर, उजवा हात पदराखाली. पहिला दाणा पन्हळीच्या टोकावर आला, क्षणभर थांबल्यासारखा वाटला आणि बाटलीत पडला. लहानपणी चर्चमध्ये उगाच बोलल्यावर वाटायचं तसं वाटलं. मग दुसरा, मग सगळे, मग मागून पांढरी भुकटी, शेवटची चिमूटभर धूळ पडेपर्यंत.

गुंऽऽ आवाज मी आज पहिल्यांदा नीट ऐकला. ती टिचकीच आहे. फक्त न दमणारी.

२ ऑगस्ट

उत्तर पाठवलं. बाटल्यांची उत्तरं एकमेकांशी जुळताहेत, खऱ्याशी जुळतात का ते चाचणीवाल्यांनी सांगायचं. धम्मप्रियाला झोप नाही. भामाबाई म्हणाल्या, हैदराबादला गेलीस तर मी पण येते, पण तिथलं पाणी पिणार न्हाई. एवढं म्हणायला त्यांना किती जड गेलं असेल.

त्याच म्हणाल्या, बाई, पोरीनं तुमच्यासाठी डॉक्टरकडं नंबर लावलाय, मी येते संगं. मी गेले. डॉक्टर माझ्या विद्यार्थ्यांहून लहान. कागदावर गोगलगाईसारखं वेटोळं काढायला सांगितलं. काढलं. त्याने बघितलं, मीही बघितलं. आजाराचं नाव लांबलचक आहे, इथे लिहिणार नाही. गोळ्या सुरू केल्या. हात आता सांगितलेलं निम्मंच ऐकेल म्हणाला. म्हटलं, माझ्या वर्गातली मुलंही तेवढंच ऐकायची.

परत येताना रिक्षात भामाबाईंनी माझा हात त्यांच्या मांडीवर घेऊन ठेवला. मी काढून घेतला नाही.

२३ ऑगस्ट

उद्या नांदेडला जाणार, कढीपत्ता वाळला असेल.

आज दुपारी निकाल आला. जुळलं. कॅल्शियमही आणि फॉस्फरसही. मान्यतेच्या तपासणीला माणसं पुढच्या महिन्यात येतील, पण मोठा अडथळा गेला. धम्मप्रियाने कागद आधी आईला दाखवला, मग मला. भामाबाईंना आकड्यातलं कळलं नाही, मुलीच्या तोंडाकडे बघून कळलं. त्या वर जाऊन शिरा करायला लागल्या.

थरथऱ्याच्या वरच्या भिंतीवर कामाच्या पायऱ्यांचं एक कार्ड आहे. त्यातली तिसरी ओळ, सुरुवातीचा भाग टाकून द्यावा. धम्मप्रियाने ते काढलं, कोरं कार्ड आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. मी म्हटलं, तू लिही, मी सांगते. ती लिहायला बसली. कॉलेजात या अक्षराचे मी गुण कापले असते.

"पहिल्या कणापासून शेवटपर्यंत सगळं घ्यावं," मी सांगितलं. "काहीही फेकू नये. कारण खाली लिही. कारण नसलेली ओळ भिंतीवर नको."

तिने कारण लिहिलं, दोन ओळींत, नेटकं. मी कार्ड भिंतीला धरलं. ते हलत होतं. गोळ्यांनी थोडं कमी, पण हलत होतं. मी दुसऱ्या हाताने मनगट धरायला गेले.

"राहू द्या मॅडम, तसंच धरा," ती म्हणाली आणि हलत्या कार्डावरच तिने चिकटपट्टी लावली.

जरा तिरकं लागलंय. सरळ कर म्हणणार होते, म्हटलं नाही.